बोअरचं पाणी तपासून घेतलं, त्याचा अनुभव

आमचं घर वाळवा तालुक्यात, चहूबाजूंनी ऊस. नातीला पावडरचं दूध सुरू करायचं होतं, म्हणून बोअरचं पाणी सांगलीतल्या एका खासगी लॅबमध्ये दिलं. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच मिळाली. नळाचं तोंड आधी ज्योतीनं शेकायचं, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, हे तिथल्या मुलीनं स्वतः करून दाखवलं. अहवाल चार दिवस उशिरा आला, फोनही उचलत नव्हते, ते खटकलं. पण आकडे मात्र नीट समजावले. जंतू नाहीत, पण नायट्रेट (शेतातल्या खतांमधून पाण्यात उतरणारा, तान्ह्या बाळांना घातक क्षार) लिटरला 68 मिलिग्रॅम; मर्यादा 45 ची. उकळल्यानं नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं म्हणे. आणि मी रोज वीस मिनिटं उकळत होते! बाळाच्या दुधाला आता आरओचंच पाणी. पावसाळ्यानंतर पुन्हा तिथंच तपासणार आहे.