लोअर आर्म कुठून घ्यावा? कंपनीचं काउंटर, पेठेतलं दुकान आणि मिस्त्री

"मॅडम, मिस्त्रींना फोन लावून द्या ना."

पुण्यातल्या नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने मला हे ऐकवलं. मी लोअर आर्म (पुढच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा सस्पेन्शनचा दांडा) मागितला होता, गाडीचं मॉडेल सांगितलं होतं, 2013 हे सालही सांगितलं होतं. तरी त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे, ऑइलने काळे झालेले हात घेऊन उभ्या असलेल्या गॅरेजवाल्याकडे. मी चिडून निघून आले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात काही बोललेच नाही. गाडी गॅरेजमध्ये जॅकवर होती. तिचा काढलेला आर्म पिशवीतून काढला आणि काचेवर ठेवला. शेठनी चष्मा लावला, आर्म उलटा-सुलटा केला, अंगठ्याने बुशचं, म्हणजे आर्मच्या टोकाला बसणाऱ्या रबरी सांध्याचं, रबर दाबलं आणि म्हणाले, "ताई, आर्म सरळ आहे, बॉल जॉइंटही टाइट आहे. बुश गेलेत. आर्म कशाला घेताय?"

त्या एका आर्मच्या निमित्ताने सर्व्हिस सेंटरचं पार्ट काउंटर, पेठेतली तीन दुकानं, एक ऑनलाइन पोर्टल आणि आमचे मिस्त्री, सगळ्यांशी बोलून झालं. एक गोष्ट पक्की कळली. प्रत्येक काउंटरवर वेगळा पुरावा चालतो. कंपनीत आरसी न्यायची, पेठेत जुना पार्ट न्यायचा. याची अदलाबदल केली की माणसं तुसडी वाटायला लागतात.

पार्ट ओळखतो कोण

कंपनीच्या काउंटरवर आरसीवरचा 17 अक्षरी चॅसिस नंबर टाकला की स्क्रीनवर तुमच्या गाडीचं, सगळे भाग सुटे करून दाखवलेलं चित्र उघडतं. प्रत्येक भागाला नंबर. एकाच मॉडेलमध्ये, एकाच वर्षात कंपनी मध्येच ब्रेकचा कॅलिपर बदलते, हेडलाइटचा सॉकेट बदलते. ते स्क्रीनला माहीत असतं, आपल्याला नसतं. चॅसिस नंबर अचूक दिला तर चुकीचा पार्ट मिळण्याची शक्यता इथे सगळ्यात कमी.

पण त्या खिडकीतल्या माणसाला लक्षणं सांगू नका. मी "खड्ड्यात गेली की डावीकडून खडखड येते" म्हणाले. त्याने शांतपणे सर्व्हिस ॲडव्हायझरच्या टेबलाकडे बोट दाखवलं. त्याचं चुकलं नाही. तो नंबर विकतो, निदान करत नाही. बुश वेगळे मिळतील का, असं विचारलं तर म्हणाला, सिस्टीममध्ये पूर्ण आर्मच दिसतोय. सिस्टीममध्ये नाही म्हणजे त्याच्यासाठी जगात नाही.

पेठेतल्या शेठकडे याच्या बरोबर उलट. लक्षण सांगा, पार्ट दाखवा, चार प्रश्न येतील आणि त्यातला एखादा तुमचे पैसे वाचवेल. फक्त त्याची भाषा माहीत हवी. डावा-उजवा म्हणाल तर घोळ होतो, कारण बॉनेटसमोर उभं राहून बघितलं की सगळं उलटं. डावा-उजवा नेहमी सीटवर बसून धरायचा. पेठेत त्याहून सोपं आहे: 'ड्रायव्हर साइड' आणि 'क्लीनर साइड'. छोट्याशा हॅचबॅकला कुठला आलाय क्लीनर, पण हा शब्द वापरला की समोरचा पुढचा प्रश्न विचारत नाही, थेट माळ्यावरच्या पोराला हाक मारतो.

आणि वेळ. सकाळी अकराच्या सुमाराला गॅरेजवाले येतात, त्यांच्या गाड्या उघडून ठेवलेल्या असतात, दुकानदाराचं रोजचं गिऱ्हाईक ते. त्या गर्दीत आपल्याला कुणी पंधरा मिनिटं देणार नाही. दुपारनंतर जा.

शेठच्या आठवणीचीही हद्द आहे. जुन्या गाड्यांचे पार्ट त्याला तोंडपाठ असतात. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या कडक नियमांच्या) गाड्यांमध्ये सेन्सर आणि इंजेक्शनचं काम निघालं आणि तो "हाच असतो सगळ्यांना" म्हणाला, तर मी आभार मानून चॅसिस नंबर घेऊन कंपनीत जाईन.

"कंपनीचा देऊ, ओईएम देऊ, का लोकल?"

हा प्रश्न पेठेत हमखास येतो आणि नवखं माणूस हमखास "कंपनीचाच द्या" म्हणतं. म्हणजे कुठल्या कंपनीचा? गाडीची कंपनी बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाही. शॉक ॲब्सॉर्बर गेब्रियलसारखी कंपनी बनवते, दिवे लुमॅक्ससारखी, इंजेक्शनचं सामान बॉशसारखी. चाकणच्या पट्ट्यात अशा पुरवठादारांचे कारखाने ओळीने उभे आहेत. अशा पुरवठादाराचा माल गाडीच्या कंपनीच्या खोक्यात गेला की एक किंमत, पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यात बाजारात आला की बहुधा त्याहून कमी. पेठेत 'ओईएम' म्हणतात ते यालाच. तिसरा 'लोकल': खोक्यावर न ऐकलेलं नाव, किंमत कधी निम्मी, कधी त्याहून खाली.

त्यामुळे प्रश्न असा विचारायचा: "गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, की पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या?" एवढं विचारलं की 'कंपनीचा' हा शब्द सैल सोडता येत नाही. खोकं हातात घ्या. पार्ट नंबर, बनवल्याचा महिना-वर्ष, छापील किंमत, होलोग्राम किंवा क्यूआर कोड हे सगळं एका लेबलवर धड असलं पाहिजे. पार्ट नंबरचं स्टिकर एका रंगाचं, किंमतीचं दुसऱ्याच छपाईचं, असं दिसलं की ठेवून द्या. आणि पार्ट बसवल्यावर खोकं फाडून टाका. नकली माल भरायला रिकाम्या खोक्यांनाही गिऱ्हाईक असतं.

लोकल सरसकट वाईट नाही. मडफ्लॅप, दाराचं बीडिंग, वायपरचं रबर, पायातली मॅट, यासाठी मी कधीही कंपनीत जाणार नाही. पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि टायमिंग बेल्ट यांत लोकल नाही म्हणजे नाही. ब्रेक पॅडवर वाचवलेले पैसे डिस्कवर चरे पडले की दामदुप्पट जातात.

किंमतीचं बोलायचं तर कंपनीत छापील किंमत, घासाघीस नाही. पेठेत "काही कमी करा" म्हणण्यापेक्षा "बिलासकट किती?" विचारा. कारण पहिला आकडा पुष्कळदा बिलाशिवायचा असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर 28 टक्के होता. खोकं त्याआधीचं असेल तर नवी किंमत काय लावली, हे बिलात बघा. छापील किंमतीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर वेगळा जीएसटी कुणी लावत असेल तर तो बेकायदा आहे.

परत घेणार का?

इथे पेठ आणि कंपनी दोन्हीकडे लोक फसतात, कारण 'खराब निघाला' आणि 'चुकीचा आणला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत न घेणं हीसुद्धा. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. ऐकलंच नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण त्यासाठी पक्कं बिल हवं. पेठेत चिठ्ठीवर लिहून देतात तो अंदाज झाला, बिल नव्हे.

मात्र तुम्ही ड्रायव्हर साइडऐवजी क्लीनर साइडचा आर्म नेलात, तर पार्टमध्ये दोष नाही, आणि हा कायदा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. तिथे फक्त दुकानदाराची मर्जी. म्हणून पैसे देण्याआधी विचारायचं: "बसला नाही तर बदलून द्याल ना?" पेठेत बहुतेक जण हो म्हणतात, अट एकच, खोकं शाबूत आणि पार्टला ग्रीस लागलेलं नको. इलेक्ट्रिकचा पार्ट मात्र एकदा सॉकेटला लावला की संपलं. रिले, सेन्सर, कॉइल कुणी परत घेत नाही आणि त्यांच्या जागी असते तर मीही घेतलं नसतं. कंपनीत वेगळी गंमत: जो पार्ट मागवून घ्यावा लागतो त्याची आगाऊ रक्कम भरावी लागते, आणि ती परत मिळेल का हे पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं. पैसे भरण्याआधी पावती उलटी करा.

मिस्त्रींचा वाटा

दुकानदार गॅरेजवाल्याला एक भाव देतो आणि आपल्याला दुसरा, यात गुपित काही नाही. मिस्त्री छापील किंमत लावतात, मधला फरक त्यांचा. पूर्वी मला ही लूट वाटायची. मग एकदा मीच पार्ट घेऊन गेले, तो बसला नाही, आणि मिस्त्री म्हणाले, "पार्ट तुमचा, गॅरंटी तुमची." पेठेत दोन फेऱ्या झाल्या, गाडी तीन दिवस उघडी, आणि दुसऱ्यांदा खोलण्याची मजुरी वेगळी. तो मधला फरक म्हणजे या फेऱ्यांची आणि जबाबदारीची किंमत.

ज्या कामात मजुरी पार्टपेक्षा जास्त, तिथे पार्ट मिस्त्रींनाच आणू द्या. पण ब्रँड आधी ठरवा, "रिकामं खोकं आणि जुना पार्ट दोन्ही मला द्या" हेही आधीच सांगा. काम झाल्यावर मागितलं की संशय घेतल्यासारखं होतं. आधी सांगितलं की ती अट होते.

उरलेली दोन दारं

पोर्टलवर पार्ट नंबर असेल तरच जा. "या मॉडेलला बसतो" या ओळीवर भरवसा ठेवून मी आरसा मागवला होता, तो हाताने फिरवायचा निघाला, आमचा बटणावरचा. शिवाय गाडी जॅकवर असताना कुरिअरची वाट बघणं म्हणजे गॅरेजवाल्याची जागा अडवणं. पण ज्यांच्याकडे जुनी शेवरलेट आहे त्यांना हा पर्याय मोलाचा. जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं. अशा गाडीचा एखादा पार्ट पुण्यात संपला असेल तर कोइमतूरच्या किंवा दिल्लीच्या एखाद्या दुकानात पडून असतो.

दुसरं दार जुन्या मालाच्या बाजाराचं. मुंबईकरांना कुर्ला आणि चोर बाजार माहीतच आहेत. दार, काच, सीट, बंपर यासाठी जुना माल ठीक. स्टिअरिंग आणि ब्रेकचं सामान तिथून नको, आणि बिलाशिवाय इंजिनाचा तर विचारही नको. उद्या पोलीस विचारायला आले तर इंजिनाचा नंबर तुमच्या गाडीत सापडेल, दुकानदार सापडणार नाही.

मग मी काय केलं

शेठकडून ओईएम ब्रँडचे दोन बुश घेतले, पक्क्या बिलावर. त्यांनीच सांगितलं की हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, रबर आतून फाटतं. प्रेसवर बसवून घ्या. मिस्त्रींनी जवळच्या लेथवाल्याकडून प्रेस करून आणले. आर्मच्या किंमतीचा एक छोटासा हिस्सा खर्च झाला. खडखड गेली.

त्यानंतर हेडलाइटच्या वायरिंगचं काम निघालं, तेव्हा शेठकडे न जाता आरसी घेऊन कंपनीत गेले. पार्ट तीन दिवसांनी आला, छापील किंमतीत, आणि पहिल्या झटक्यात बसला.

पुढच्या महिन्यात क्लच करायचाय. तो मिस्त्रींनाच आणू देणार आहे. प्लेट चुकली म्हणून गिअरबॉक्स दोनदा उतरवायची मजुरी द्यायची माझी तयारी नाही.