‘कंपनीच्या डिस्क’ आणि माझे ३८,००० रुपये

माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९६८ सालची ॲम्बेसेडर मार्क टू आहे. ती कारखान्यातून निघाली होती तशीच पुन्हा उभी करायची, या हट्टापायी मी गेल्या हिवाळ्यात नागपुरातल्या जुन्या सुट्या भागांच्या एका विक्रेत्याकडून स्टेपनीसह पाच डिस्क (म्हणजे टायर ज्यावर बसतो ती लोखंडी चाके) आणि पाच टायर ३८,००० रुपयांना घेतले. त्या व्यवहारात मी कसा फसलो ते सविस्तर लिहितो आहे, कारण तसाच माल आज आणखी कोणाला तरी दाखवला जात असणार.

या गाडीला ५.९०-१५ मापाचे, आत ट्यूब असलेले क्रॉसप्लाय, म्हणजे आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदणारे जुन्या पद्धतीचे टायर लागतात, एवढे मला ठाऊक होते आणि तेवढ्यावरच मी स्वतःला जाणकार समजत होतो. पोत्यातून काढलेल्या डिस्क नव्यासारख्या चमकत होत्या. “भाऊ, कंपनीचा न वापरलेला माल आहे, असा आता भेटत नाही,” विक्रेता म्हणाला. मी घुटमळतो आहे असे पाहून त्याने पुढची थाप मारली, की डिस्क ओरिजिनल नसल्या तर आरटीओ व्हिंटेज नोंदणी करत नाही. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांत मोठे फेरबदल नकोत असे सांगताना नावे घेतली आहेत ती चासी, बॉडी आणि इंजिन यांची, हे मी नंतर वाचले. त्या वेळी मात्र पैसे देऊन मोकळा झालो.

मे महिन्यात वर्धा रोडवर पुढच्या डाव्या टायरला लिंबाएवढा फुगा आला. आमच्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, खडूचा तुकडा रिमच्या कडेजवळ स्थिर धरला आणि चाक हाताने फिरवले. खडूची रेघ सबंध कडेवर उमटायला हवी होती किंवा मुळीच नाही. ती वीतभर भागातच उमटली, म्हणजे रिम वाकडी होती. मग त्यांनी रंग खरवडला. आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली होती आणि लांबीखाली हाताने मारलेल्या वेल्डिंगचे जाड ओघळ होते. म्हणजे मधली तबकडी एका गाडीची आणि बाहेरचे कडे दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचे.

टायरची गोष्ट त्याहून वाईट निघाली. उत्पादनाचा चार अंकी आकडा, ज्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात, चार टायरांवर घासून वर काळे पॉलिश चोपडले होते. पाचव्यावर तो घासायचा राहिला होता. तो होता ०९११, म्हणजे २०११ सालचा नववा आठवडा. खाचाही मूळच्या नव्हत्या, झिजलेल्या रबरात तापलेल्या पात्याने खोल केलेल्या होत्या. त्यातल्या एका टायरच्या मापात ‘आर’ हे अक्षर होते. तो रेडियल, म्हणजे दोऱ्यांचे थर आडवे असलेला नव्या पद्धतीचा, आणि त्याच्या जोडीला त्याच धुरीवर क्रॉसप्लाय! अशा जोडीने वळणावर गाडीचा भरवसा राहत नाही, हे सांगताना मिस्त्रींचा आवाज चढला होता.

पावतीवर फक्त “जुना टायर सेट” एवढेच लिहिलेले असल्यामुळे, ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येत असली तरी, “कंपनीचा न वापरलेला” हे शब्द सिद्ध करायला माझ्याजवळ कागद नाही.

३८,००० हा आकडा ठरला तोच ४,००० रुपये वजा करून, माझ्या गाडीच्या जुन्या पाच डिस्क बदल्यात घेऊन. वरून गंजलेल्या, पण मूळच्या त्याच होत्या; सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज काढणे) आणि रंग एवढ्यावर काम भागले असते. त्या परत मागायला गेलो तेव्हा विक्रेता म्हणाला, “त्या तर त्याच आठवड्यात गेल्या, भाऊ. ओरिजिनल होत्या ना.”