झाकण उघडून बघा, मगच सही करा

घर घेताना मी फरशा ठोकून पाहिल्या, सगळे नळ सोडून पाहिले. अंगणातल्या दोन लोखंडी झाकणांकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. "हे शोषखड्डे. पावसाचं पाणी आवारातच जिरवायचं, नियमच आहे," असं बिल्डरचा माणूस म्हणाला. झाकणांना ताजा हिरवा रंग होता. मी मान डोलावली.

पहिल्याच मोठ्या पावसात अंगणात घोटाभर पाणी साचलं आणि कुंपणाखालून शेजाऱ्यांच्या घरात शिरलं. त्यांनी तक्रार केली ती माझी. नोटीसही माझ्याच नावाने आली, कारण ताबा घेतला की निचऱ्याची जबाबदारी मालकाची.

मग पहारीने झाकण उचकटलं. मंजूर नकाशात 3 मीटर खोल, खडी-वाळूचे थर असलेला खड्डा. प्रत्यक्षात हातभर खोली, तळाला चक्क सिमेंटचा कोबा, त्यावर विटांचे तुकडे आणि सिमेंटची रिकामी पोती. दुसऱ्याची तर आणखीच तऱ्हा. छतावरून येणारा पाइप खड्ड्यापर्यंत पोचलाच नव्हता, अलीकडेच मातीत खुपसून ठेवला होता.

हिशेब शाळकरी आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. माझं छत 120 चौरस मीटर. 50 मिलिमीटर पाऊस झाला की 6000 लिटर. शिवाय नकाशात हिरवळ दाखवलेली जागाही बिल्डरने फरसबंद करून दिली होती. (तेव्हा मला ती फार आवडली होती!)

जाब विचारायला गेलो तर त्याने ताबा पावती पुढे सरकवली. 'पाणी निचऱ्याची व्यवस्था चालू स्थितीत मिळाली.' खाली माझी सही.

तुम्ही तरी सहीआधी झाकण उघडायला लावा. "गंजलंय, उद्या उघडतो" म्हणाला तर उद्या जा. काठी घालून खोली मोजा. एकाला छतावर पाणी ओतायला सांगा आणि स्वतः खड्ड्याशी उभे राहा. पाणी पडल्याचा आवाज आला पाहिजे. मग खड्डा भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पातळी बघा. मंजूर नकाशाची प्रत हातात असू द्या.

मी शेवटी पदरमोड करून नवे खड्डे खणून घेतले. खणणाऱ्याने आधी लहान भोक पाडून पाणी ओतलं. ते तासन् तास तसंच राहिलं. खाली चिकणमाती निघाली, म्हणून जागाच बदलावी लागली. माझ्या फायलीत मात्र त्याच जागी 'पाणी झपाट्याने जिरते' असा चाचणी अहवाल आहे, सहीशिक्क्यानिशी.