छोटा एए टॉर्च, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: उजेड पक्का, शेपटीचे जोड हळवे

एका एए सेलवर चालणारा, ॲल्युमिनियमच्या नळीचा, मागच्या टोकाला बटण असलेला हा टॉर्च आता बरेच महिने रोज हाताशी आहे. उजेडाबद्दल नवा माल हातात आल्यावर सगळेच लिहितात, म्हणून ते लगेच उरकतो: झोत मधोमध घट्ट, कडेला पुरेसा पसरट, रंग किंचित पिवळसर आणि डोळ्यांना न खुपणारा. खालच्या मोडवर सेल पुष्कळ पुरतो. त्यात नाव ठेवायला जागा नाही. पण अशा टॉर्चचं आयुष्य ठरवतात ते आतले जोड, आणि त्यांची परीक्षा पहिल्या आठवड्यात होत नाही.

कुरबुर सुरू झाली वरच्या मोडपासून. खालचा मोड ठणठणीत, मधला ठीक, आणि वरचा लावला की क्षणभर झगझगीत उजेड पडून तो आपोआप खाली घसरायचा. कधी नुसताच थरथरायचा. तळहातावर आपटला की पुन्हा सुरळीत. सेल बदलून पाहिला, तरी तेच. अशा वेळी बहुतेक जण म्हणतात एलईडी गेला. पण आपटल्यावर शहाणा होणारा दोष जवळजवळ नेहमी लूज कॉन्टॅक्टचाच असतो.

खाली ठीक आणि वर गडबड, यामागे साधं गणित आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात आणि एक अल्कलाइन सेल देतो 1.5. मधलं सर्किट व्होल्टेज वाढवतं, पण फुकट नाही. त्या बदल्यात सेलमधून जास्त करंट ओढतं. वरच्या मोडवर एक-दीड अँपिअर सहज जातो. आता वाटेत एखाद्या काळवंडलेल्या जोडामुळे 0.2 ओहम इतकाच रोध आला, तरी दीड अँपिअरला 0.3 व्होल्ट तिथेच गळतात, म्हणजे सेलच्या व्होल्टेजचा पाचवा हिस्सा. सर्किटला कमी व्होल्टेज मिळालं की ते आणखी करंट ओढू पाहतं, त्यामुळे जोडावर आणखी व्होल्टेज पडतं, आणि शेवटी सर्किट हात टेकतं. खालच्या मोडवर करंट इतका कमी असतो की हा रोध जाणवतही नाही.

म्हणूनच सेल बाहेर काढून मल्टिमीटर लावायचा आणि ‘दीड व्होल्ट आहेत की’ म्हणायचं, यात अर्थ नाही. मीटर सेलकडून जवळजवळ करंटच घेत नाही. टॉर्चमधून निवृत्त झालेला सेल भिंतीवरच्या घड्याळात खुशाल चालतो तो याच कारणाने. दोष सेलचा की जोडाचा हे पाहायला मी आता पूर्ण चार्ज केलेला निकेल-मेटल हायड्राइड सेल घालतो. त्याचे व्होल्ट 1.2 असले तरी आतला रोध कमी, त्यामुळे ओझ्याखाली तो अल्कलाइनपेक्षा ठाम राहतो. त्याच्यावरही टॉर्च थरथरला, तर सेलला दोष देणं बंद करायचं.

पुढचा शोध सोपा व्हावा म्हणून करंटची वाट डोळ्यांसमोर आणा. सेलच्या टोपीकडून, म्हणजे धन टोकाच्या उंचवट्याकडून, पुढच्या सर्किटमध्ये, तिथून एलईडीत, मग नळीच्या धातूतून मागे, नळीच्या कडेवरून झाकणातल्या पितळी रिंगमध्ये, रिंगमधून बटणाच्या छोट्या बोर्डवर, बटणातून स्प्रिंगमध्ये आणि स्प्रिंगमधून सेलच्या बुडाशी. सुटू शकणारे बहुतेक जोड शेपटीकडे जमलेले आहेत. म्हणून पहिली चाचणी शेपूट वगळण्याची.

मागचं झाकण पूर्ण काढा, सेल आत राहू द्या. जाडसर वायरचा छोटा तुकडा घ्या, एक टोक सेलच्या बुडावर आणि दुसरं नळीच्या उघड्या, चकचकीत कडेवर टेकवा. रंग असलेल्या भागावर टेकवून काही होणार नाही. बारीक वायर नको, तिचाच रोध निकाल बिघडवतो. माझ्या टॉर्चमध्ये वायर क्षणभर उचलून पुन्हा टेकवली की मोड बदलतो. वरच्या मोडवर नेऊन मगच निकाल द्यायचा. उजेड स्थिर राहिला तर सेल, नळी आणि पुढचा भाग सुटले, आरोपी झाकणात आहे. तरीही थरथरला तर पुढच्या टोकाकडे वळायचं. माझा उजेड अगदी स्थिर राहिला.

झाकणात डोकावलं की स्प्रिंगभोवती पितळेची चपटी रिंग दिसते, तिच्यावर समोरासमोर दोन बारीक खाचा. ही रिंग आट्यांवर फिरते आणि बटणाचा बोर्ड दाबून धरते. करंटही तिच्यातूनच जातो. बटण सतत दाबलं जातं, सेलसाठी झाकण उघडलं-लावलं जातं, आणि रिंग केसभर सैल होते. बाहेरून काही कळत नाही. टोकदार चिमट्याची दोन टोकं खाचांत बसवून घड्याळाच्या दिशेने वळवलं, तर ती थोडीशी फिरली आणि गच्च बसली. एवढंच. वरचा मोड लगेच स्थिर झाला. चिमटा धरताना दुसऱ्या हाताचं बोट स्प्रिंगच्या आड ठेवा. टोक निसटलं तर स्प्रिंगचा सोल्डर केलेला पाया उखडू शकतो, आणि मग पाच मिनिटांचं काम संध्याकाळ खातं.

पुढे थरथर पुन्हा आली, तेव्हा रिंग घट्टच होती. या खेपेला दोष नळीच्या मागच्या कडेवर होता. तिथे राखाडी-काळा थर साचला होता, रिंगच्या तोंडावरही तसाच. इअरबडला आयसोप्रॉपिल अल्कोहोल लावून कड पुसली तर कापूस काजळासारखा काळा निघाला. हा माल म्हणजे जुनं ग्रीस आणि त्यात मिसळलेली, आट्यांतून झिजून आलेली ॲल्युमिनियमची भुकटी.

ही कड इतकी महत्त्वाची का, तर नळीवरचा रंग म्हणजे अनोडायझिंग, ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा कठीण थर, आणि ऑक्साइड वीज वाहू देत नाही. कड मुद्दाम उघडी ठेवलेली असते. माझ्या टॉर्चच्या आट्यांवरही अनोडायझिंग आहे, त्यामुळे झाकण पाव वेढा सैल केलं की सर्किट तुटतं आणि बॅगेत बटण दाबलं गेलं तरी सेल संपत नाही. सोय चांगली आहे, मला आवडते. पण याची दुसरी बाजू अशी की सगळा करंट त्या अरुंद कडेवरूनच जातो. शिवाय उघड्या ॲल्युमिनियमवरही हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो. झाकण पिळताना तो घासून फुटतो. तेव्हा झाकण शेवटपर्यंत आवळायचं, ‘लागला ना’ म्हणून मध्येच सोडायचं नाही.

साफसफाईत पॉलिश पेपरचा मोह आवरा. सेलच्या टोकांवर आणि बहुतेक स्प्रिंगांवर मुलामा असतो. तो खरवडला की खालचं पोलाद उघडं पडतं आणि गंज धरतो. साधं खोडरबर पुरतं, मग चुरा अल्कोहोलने पुसून घ्यायचा. ग्रीस लावायचं ते आट्यांना आणि रबरी ओ-रिंगला, तेही अगदी पातळ बोट फिरवल्याएवढं. कडेवर नाही. जाड थापलं तर झाकण मऊ फिरतं खरं, पण तेच ग्रीस हळूहळू कडेवर सरकतं आणि वर सांगितलेला काळा थर पुन्हा तयार होतो.

स्प्रिंगबद्दल माझी तक्रार अजून तरी नाही. तपासायची असेल तर टॉर्च कानाशी धरून हलवा. आत सेल खडखडला तर स्प्रिंग दबली आहे. हलक्या हाताने थोडी ओढून घेता येते. जास्त करंटने तापून मऊ पडलेली स्प्रिंग मात्र ओढली तरी पुन्हा बसते, ती बदलावीच लागते.

पुढच्या टोकाशी वेगळाच घोळ होऊ शकतो. बऱ्याच टॉर्चमध्ये सर्किटच्या मधल्या ठिपक्याभोवती प्लास्टिकची चकती असते. सेल उलटा घातला तर त्याचं सपाट बूड चकतीवर अडतं आणि सर्किट वाचतं. पण ज्या सेलची टोपी बुटकी, तो सरळ घातला तरी ठिपक्यापर्यंत पोचत नाही. टॉर्च एका सेलवर मुका आणि दुसऱ्यावर लख्ख, असं झालं तर घासत बसण्यात हशील नाही. दोन्ही सेल शेजारी उभे करून टोप्यांची उंची पाहा.

सेल नीट टेकत नसला की टोकाशी चांदीचा कागद कोंबण्याचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. अल्कलाइन सेलवर अडचणीत एका रात्रीपुरता चालेल. लिथियम-आयन सेलवर अजिबात नको. त्या सेलचं बाहेरचं भांडं ऋण असतं आणि टोपीपासून त्याची कड जेमतेम वेष्टनाने वेगळी राहते. कागद सरकून दोन्हींना टेकला की थेट शॉर्ट. आणि अल्कलाइनमध्ये बरोबर उलटं: त्याचं भांडं धन असतं, तर टॉर्चची नळी ऋण. म्हणजे वेष्टन फाटलेला अल्कलाइन सेल धातूच्या नळीत घातला तर तो नळीलाच टेकून शॉर्ट होऊ शकतो. टॉर्च बंद असूनही नळी कोमट लागली तर सेल ताबडतोब बाहेर काढा.

याच काळात तीन एएए सेलांचा पिंजरा असलेला एक जुना टॉर्चही उघडावा लागला. त्याची गोष्ट आणखी वाईट. तीन सेलांची सहा टोकं, वर पिंजऱ्याची दोन: आठ ठिकाणी बिघडायला वाव. शिवाय तिन्ही सेल एकामागोमाग जोडलेले, त्यामुळे त्यातला एक आधी संपला की उरलेले दोघे त्याच्यातून उलटा करंट ढकलतात. आत वायू साठतो, सील सुटतं आणि सेल पाझरतो. नवा-जुना मिसळून घातला तर हे हमखास. बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी, खरखरीत पापडी होते. हा अल्कली आहे, म्हणून खाण्याचा सोडा लावून काही साधत नाही, सौम्य आम्ल हवं. व्हिनेगरचा थेंब टाकला की पापडी बारीक फेसाळते. मग ओलसर कापसाने, नंतर अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवायचं. हातमोजे घाला आणि तो हात डोळ्याला लावू नका. पोलादी पट्ट्या अशा वाचतात. ॲल्युमिनियमला मात्र हा अल्कली खातो, आणि फुगलेला सेल नळीत अडकला तर तो ठोकून काढण्याच्या नादात नळीच जाते. पडून राहणाऱ्या टॉर्चमधून सेल काढून ठेवणं हा कंटाळवाणा पण स्वस्त उपाय.

आता मूळ टॉर्चबद्दल. पुन्हा घेईन का? घेईन, पण झाकण उघडून पाहिल्यावरच. रिंगला खाचा असल्या तर ती घरी घट्ट करता येते. काही टॉर्चमध्ये बोर्ड नुसता दाबून बसवलेला असतो. तो सैल झाला की पकडायला काही नसतं, अख्खं झाकण बदलावं लागतं. सुटं झाकण मिळत नसेल तर उजेड कितीही चांगला असो, तो टॉर्च मी घेणार नाही.