उघडलेली वाइन टिकवायला काय घ्यावं: पंप, गॅस, सुई की नुसती अर्धी बाटली?

७५० मिलीच्या बाटलीतून १५० मिलीचे दोन ग्लास ओतले की आत ३०० मिलीहून थोडी जास्त हवा शिरते. तिच्यातला ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे साधारण ६३ मिली. उरलेल्या ४५० मिली वाइनची चव उतरवायला तो पुरून उरतो. आधी फळांचा वास पातळ होतो, मग कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागतो आणि व्हाइट वाइन पिवळट-तपकिरी दिसते. नेलपॉलिशसारखा किंवा आंबट झणका आला, तर व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंनी काम सुरू केलंय असं समजा. त्यानंतर कुठलंही यंत्र उपयोगाचं नाही.

बाजारातली सगळी उपकरणं या ६३ मिलीशीच झुंजतात. कोणी हवा ओढून काढतं, कोणी तिच्या जागी दुसरा वायू भरतं, कोणी ती आत येऊच देत नाही. ओतताना वाइनमध्ये विरघळलेला ऑक्सिजन मात्र यातल्या कशानेच बाहेर निघत नाही. म्हणून जेवण संपेपर्यंत बाटली उघडी ठेवून मग पंप मारण्यात फारसा अर्थ नाही. ग्लास भरला की लगेच बूच लावायचं.

आणि पहिलं उपकरण घरात आधीच आहे: फ्रीज. नाशिक-नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेली रेड वाइन दुसऱ्या संध्याकाळीच थकलेली लागते. तीच ५-६ अंशांवर नुसतं झाकण लावून ठेवली तर दोन-तीन दिवस बरी राहते. रेड फ्रीजमध्ये ठेवू नये हा समज सोडून द्या. पिण्याआधी वीसेक मिनिटं बाहेर काढली की झालं. बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवली तर वाइनचा हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो.

आता पंप. नेदरलँड्सच्या व्हॅक्यू व्हिनचा हा हातपंप सगळ्यांत ओळखीचा आणि त्याच्या नकला ऑनलाइन काही शेकड्यांत मिळतात. बाटलीचं तोंड कोरडं पुसायचं, रबरी बूच घट्ट बसवायचं, पंप जड होईपर्यंत किंवा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ओढायचं. बाटली जितकी रिकामी, तितके झटके जास्त. समजा पंपाने तीन-चतुर्थांश हवा काढली, तरी पंधराएक मिली ऑक्सिजन आत उरतोच. शिवाय रबरी झडपेतून हवा हळूहळू परत शिरते. दुसऱ्या दिवशी बूच उघडताना ‘फुस्स’ ऐकू आलं नाही तर निर्वात टिकलेला नाही. बहुतेक वेळा झडपेच्या फटीत वाळलेली वाइन चिकटलेली असते. कोमट पाण्यात बोटाने चोळून धुवा आणि पूर्ण वाळवा. तेल किंवा तूप लावू नका, रबर फुगतं.

दुसरी अडचण शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँसारख्या ताज्या व्हाइट वाइनची. त्यांच्यात थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि जिभेवरचा तरतरीतपणा बराचसा त्याचाच. जोरात पंप मारला की बारीक बुडबुडे वर येतात आणि तो निघून जातो. थोडा सुगंधही त्याच्याबरोबर जातो. बॅटरीवर चालणारे पंप हेच काम करतात, फक्त हात दुखत नाही. बटण दाबण्याच्या सुखासाठी जास्त पैसे द्यायचे का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

गॅसचा डबा वेगळ्या तऱ्हेने काम करतो. आर्गॉन, किंवा आर्गॉन, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण नळीने बाटलीत सोडायचं. आर्गॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असतो, त्यामुळे वाइनवर त्याची ‘चादर’ पसरते असं जाहिरात सांगते. प्रत्यक्षात वायू एकमेकांत मिसळतातच. गॅस उपयोगी पडतो तो हवा बाहेर ढकलल्यामुळे. म्हणून नळी वाइनच्या पृष्ठभागाजवळ न्यायची, एक सेकंदाचा लांब फवारा, मग तीन-चार छोटे, आणि नळी काढता काढता बूच. यात दोन-तीन सेकंदांची ढिलाई झाली तरी फवारा वाया. नीट जमलं तर फ्रीजमध्ये पाच ते सात दिवस मिळतात आणि चवीत काही कमी होत नाही. नवा डबाही हातात रिकाम्यासारखाच हलका लागतो, कारण आत गॅसच असतो. तो परत पाठवण्याची घाई करू नका. वेल्डिंगच्या दुकानातला स्वस्त आर्गॉन मात्र नको. तो खाण्यापिण्यासाठी भरलेला नसतो.

सुईवालं यंत्र, म्हणजे अमेरिकेचं कोराव्हिन, २०१३ साली बाजारात आलं. त्याचे जनक ग्रेग लॅम्ब्रेक्ट वैद्यकीय उपकरणं बनवणारे. पोकळ सुई बुचातून आत जाते, आर्गॉन दाब देतो, वाइन बाहेर येते आणि सुई काढल्यावर नैसर्गिक कॉर्क पुन्हा मिटतो. हवा आत शिरतच नाही, म्हणून बाटली महिनोन्‌महिने चालते. सुई घालण्याआधी ट्रिगर एकदा दाबून सुईतली हवा काढावी, आणि सुई काढताना बाटली उभी असावी. तडा किंवा टवका असलेल्या बाटलीवर हे यंत्र कधीही लावू नका. आतल्या दाबाने काच फुटू शकते.

पण इथेच महाराष्ट्रातल्या ग्राहकाची गंमत होते. नाशिकच्या बऱ्याच वाइनना, विशेषतः व्हाइट आणि रोझेला, फिरकीचं झाकण असतं. त्यांना सुईसाठी वेगळं खास झाकण विकत घ्यावं लागतं. कृत्रिम बूच सुईनंतर नीट मिटत नाही. गॅसची एक कुपी सुमारे १५ ग्लासांना पुरते, म्हणजे तीन बाटल्यांमागे एक कुपी. दाबाखालच्या या भरलेल्या कुप्या विमानाच्या सामानातून आणता येत नाहीत, तेव्हा त्या इथे नियमित मिळतील का हे यंत्र घेण्याआधीच पाहा. कपाटात कॉर्कच्या चार-पाच महागड्या बाटल्या असतील आणि महिन्यातून एखादाच ग्लास हवा असेल तर हे यंत्र पैसे वसूल करतं. रोजच्या हजार रुपयांच्या बाटलीसाठी ते घेणं म्हणजे निव्वळ हौस.

आमची पसंती मात्र दुकानात यंत्र म्हणून मिळतच नाही: ३७५ मिलीची, फिरकीच्या झाकणाची रिकामी वाइनची बाटली. साबणाशिवाय गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायची. मोठी बाटली उघडल्या उघडल्या, पहिला ग्लास ओतायच्याही आधी, नरसाळ्याने या छोट्या बाटलीत वाइन जवळजवळ काठोकाठ भरायची. नरसाळं काचेला टेकवून धार आतल्या बाजूने सोडा, म्हणजे खळखळ होत नाही. झाकणाखाली सेंटिमीटरभर जागा ठेवा. आत हवा उरते ती चमचाभर, आणि वाइन फ्रीजमध्ये आठवडाभर सहज टिकते. अडचण एवढीच की अर्धी बाटली आज प्यायची नाही हे आधी ठरवावं लागतं. सरबताच्या प्लास्टिकच्या बाटल्या यासाठी वापरू नका, जुना वास जात नाही.

तेव्हा दोघं मिळून दोन दिवसांत बाटली संपवत असाल तर फ्रीज पुरे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत जात असेल आणि वाइन रेड असेल तर पंप चालेल. एकटे पिणारे आणि व्हाइट आवडणारे यांनी छोटी बाटली, नाहीतर गॅस घ्यावा.

स्पार्कलिंग म्हणजे फेसाळ वाइनला यातलं काहीच लागू नाही. पंप तर तिचा फेसच ओढून काढतो, आणि बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून फेस टिकतो ही निव्वळ दंतकथा. तिच्यासाठी दोन्ही बाजूंनी मानेला पकडणारं स्टीलचं बूच घ्या. ते घेताना आतलं रबर जाड आणि पकड घट्ट आहे ना, एवढं तपासा. बाटली जितकी भरलेली तितका फेस जास्त टिकतो, थंड फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. उघडताना तळहात बुचावर ठेवून एकेक पकड सोडा, नाहीतर ते उडून छताला लागतं.