कॅमेरे ठणठणीत होते, बसवणाऱ्याने घोळ घातला होता : भोसरीतल्या सीसीटीव्ही रिपेअरवाल्यांचा अनुभव

चार स्टार. पाचवा का नाही ते खाली येईलच.

आमचं युनिट भोसरी एमआयडीसीत, सीएनसी आणि थोडं फॅब्रिकेशन. मी तिथं अकाउंट, अॅडमिन, हजेरी, चहावाल्याचं बिल सगळंच बघते, त्यामुळे कॅमेरे बंद पडले की शेठ हाक मारतात ती मलाच. नवीन शेड झाली तेव्हा आठ आयपी कॅमेरे (नेटवर्कच्या केबलवर चालणारे), एक एनव्हीआर (रेकॉर्डिंग करणारं मशीन) आणि पीओई स्विच (एकाच केबलमधून कॅमेऱ्यांना डेटा आणि करंट देणारा डबा) असा सेट दुसऱ्या एका पार्टीकडून बसवून घेतला होता. त्यांचं नाव लिहीत नाही, आणि कॅमेऱ्याच्या कंपनीचंही नाही कारण शेवटी कॅमेऱ्यांचा काही दोषच निघाला नाही. पण त्रास म्हणाल तर रोजचा. गेटचा कॅमेरा संध्याकाळ झाली की गायब, स्टोअरचा अधूनमधून गायब, पार्किंगच्या चित्राचे चौकोन चौकोन, मोबाईलवर कायम ऑफलाइन, आणि रेकॉर्डिंगमध्ये एक वाजताची जेवणाची सुट्टी साडेतीनला दिसायची. बसवणाऱ्याला फोन केला की आधी "मॅडम रीस्टार्ट करा", मग "कॅमेरा गेलाय, नवीन टाकू", मग "तुमचं नेटच बोगस आहे, स्टॅटिक आयपी घ्या" (म्हणजे नेटवाल्याला पैसे भरून घ्यायचा कायमचा पत्ता). म्हणजे दरवेळी खर्च आमच्याच अंगावर.

तेवढ्यात स्क्रॅपची गोणी गेली आणि फुटेज मागितलं तर त्या रात्रीचं गेटचं काहीच नाही. शेठ जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग बाजूच्या युनिटच्या सुपरवायझरने या रिपेअरवाल्यांचा नंबर दिला, म्हणाले हे विकायला येत नाहीत, बघायला येतात.

आणि खरंच तसंच निघालं. जे दादा आले त्यांनी कॅमेऱ्याला हातच लावला नाही आधी. एनव्हीआरसमोर बसले आणि मला विचारलं, मॅडम या नेटवर्कवर कॅमेरे सोडून अजून काय काय आहे? मी म्हणलं दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, हजेरीचं मशीन, शेठचा मोबाईल. हजेरीचं मशीन म्हणल्यावर मान डोलावली आणि त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघितला, १९२.१६८.१.२०१. मग कॅमेऱ्यांची यादी काढली तर आधीच्या माणसाने २०१ पासून २०८ पर्यंत ओळीने नंबर वाटलेले, आणि २०१ म्हणजे आमचा स्टोअरचा कॅमेरा. मी म्हणलं योगायोग असेल. तर त्यांनी स्विचमधून स्टोअरच्या कॅमेऱ्याची वायर काढून माझ्या हातात दिली आणि लॅपटॉपवर काळ्या विंडोत २०१ ला पिंग लावला, म्हणजे त्या पत्त्यावर कोणी आहे का अशी हाक मारली. वायर माझ्या हातात आणि तिकडून उत्तर येतंय! म्हणजे त्या पत्त्यावर दुसरंच कोणीतरी बसलंय. म्हणून कधी कॅमेरा दिसायचा कधी नाही, आणि हे तर मला त्या दिवशी कळलं की हजेरीचा डेटा मधेच अडकायचा त्याचंही कारण हेच होतं, मी त्या मशीनवाल्याला उगाच शिव्या घातल्या होत्या मनातल्या मनात. बऱ्याच हजेरी मशीनला कंपनीतूनच २०१ टाकून येतो म्हणे. कॅमेऱ्यांचंही तसंच, एकाच कंपनीचे सगळे नग एकाच पत्त्यावर येतात, कुणाचा शेवट ६४ ला, कुणाचा १०८ ला, म्हणून एकेक जोडून पत्ता बदलायचा असतो, सगळे एकदम स्विचला खुपसले की मारामारी होणारच. दादांनी राउटर आपणहून जे नंबर वाटतो त्याची रेंज १०० ते १९९ केली आणि कॅमेरे त्याच्या बाहेर, २२१ पासून पुढे बसवले.

पार्किंगच्या कॅमेऱ्याचा प्रकार मला जास्त आवडला, आवडला म्हणजे कळला. आधीच्या माणसाने आम्हाला तो आठ लाइटचा टेस्टर लावून दाखवला होता, एक ते आठ ओळीने पेटतात, बघा मॅडम केबल ओके. दादांनीही तोच टेस्टर लावला, आठही पेटले, मग म्हणाले आता प्लग बघा. पारदर्शक प्लगमधून रंग दिसतात ना, तर नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, हिरवा, निळा-पांढरा, निळा असं छान शेजारी शेजारी लावलेलं, दोन्ही टोकांना सारखंच. दिसायला नीटनेटकं पण चूक. केबलमध्ये तारा दोन-दोनच्या पिळात असतात, आणि तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर एकाच पिळाच्या दोन तारा लागतात, म्हणजे हिरवा-पांढरा तिसरा आणि हिरवा सहावा, मधे निळ्याची जोडी. इथं तिसरी तार हिरव्या पिळातली आणि सहावी निळ्या पिळातली. दादांच्या भाषेत "लग्नाला माणसं सगळी आलीत, पण नवरा एका मांडवात आणि नवरी दुसऱ्या". टेस्टर फक्त तार टोकाला पोचते का ते बघतो, पिळातली जोडी बरोबर आहे का ते बघत नाही. त्यामुळे लाइट हिरवे आणि डेटा मार खातोय, स्विचवर लिंकचा स्पीड कधी १०० तर कधी १० वर. दोन्ही टोकं कापून नवीन प्लग मारले, चौकोन गेले. सामानाचा खर्च दोन प्लग. यासाठी आधीचा नवीन कॅमेरा गळ्यात मारत होता.

आता गेट. हा खरा डोकेदुखीचा कॅमेरा आणि यातच शेठचा जीव अडकलेला. दिवसा मस्त चालायचा, आणि अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू. मी म्हणलं दादा तुम्हाला रात्री थांबावं लागेल. ते हसले आणि शिडीवर चढून भर दुपारी कॅमेऱ्याच्या तोंडावर काळा फडका टाकला. आत टक् करून आवाज आला, तो म्हणे नाइट मोडला आतली काच सरकते त्याचा, मग लाल लाइट अंधुकसे लागले, आणि दोनतीन सेकंदात सगळं गप. पुन्हा सुरू, पुन्हा टक्, पुन्हा गप. रात्री होणारं नाटक दुपारी डोळ्यासमोर. कारण असं की रात्री लाइट लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो, आणि वाटेत कुठे कच्चं कनेक्शन असेल तर तिथं व्होल्टेज पडतं. म्हणजे वाट शोधायची. गेटच्या केबिनमागच्या पीव्हीसी पाइपात सापडलं, मधेच केबल जोडलेली, नुसत्या तारा पिळून वर काळी टेप, आणि टेप सोडली तर आत पाणी जाऊन पांढरी भुकटी. दादांनी तार ब्लेडने खरवडली तर वरून तांब्याची आणि आतून चांदीसारखी. ती चांदी कसली, अॅल्युमिनियम. वर तांब्याचा मुलामा, याला सीसीए केबल म्हणतात, बॉक्सवर कॅट सिक्स (नेटवर्क केबलचा दर्जा) छापलेलं असतं पण स्टँडर्डला पूर्ण तांबं लागतं. याच्या तारेचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा साधारण दीडपट, आणि जोडात हवा-पाणी लागलं की अजूनच बोंब. बिलावर आमच्याकडून "कॅट सिक्स कॉपर" म्हणून पैसे घेतलेले आहेत, बिल माझ्याच फाइलला आहे, ते प्रकरण वेगळं चालू आहे.

ती केबल पूर्ण बदलली, गेटपर्यंत साधारण ऐंशी मीटर, शुद्ध तांब्याची बाहेर उन्हापावसात चालणारी. शंभर मीटरच्या आत असल्यामुळे मधे काही लागलं नाही, त्याच्या पुढे गेलं तर मधे स्विच नाहीतर सरळ फायबर. आणि आधीची केबल वेल्डिंग सेटच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेलेली होती ती आता वेगळ्या पाइपातून. तुम्ही घेत असाल तर बॉक्स हातात धरून बघा, ३०५ मीटरचा खरा तांब्याचा बॉक्स चांगलाच जड लागतो, सीसीएचा उचलला की लगेच कळतं. आणि तार खरवडून बघायला दुकानदार नाही म्हणाला तर तिथून निघायचं.

बाजूच्या युनिटला वेगळीच भानगड होती. त्यांच्या स्विचला आठ पोर्ट, प्रत्येक पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देतो असं लिहिलेलं, पण सगळ्यांचं मिळून बजेट ६५ वॅट. आठही पोर्टनी पूर्ण मागितलं तर १२३ वॅट होतात. साध्या बुलेट कॅमेऱ्यांना पुरत होतं, त्यात एक फिरणारा पीटीझेड लावला आणि रात्री शेवटचे पोर्ट पडायला लागले. पोर्टचा आकडा मोठ्या अक्षरात आणि एकूण बजेट मागच्या स्टिकरवर, म्हणून स्विच घेताना उलटा करून बघा.

मोबाईलवर न दिसण्याचं कारण तर इतकं फालतू की सांगायची लाज वाटते, त्यांना वाटायला पाहिजे म्हणजे. एनव्हीआरमध्ये गेटवेची (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) जागा रिकामी आणि डीएनएस (नावावरून नेटवरचा पत्ता शोधून देणारा) चुकीचा. मशीनला घराबाहेर पडायचा रस्ताच माहीत नाही तर क्लाउडला पोचणार कसं. दोन आकडे भरले, एक राउटरचा, एक डीएनएसचा ८.८.८.८, आणि स्टेटस ऑनलाइन. स्टॅटिक आयपीचे वर्षाचे पैसे वाचले. उलट आधीच्या माणसाने राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायच्या वाटा, उघडून ठेवलेले ते दादांनी बंद केले, आणि अॅडमिनचा पासवर्ड जो अॅडमिन आणि पुढे १२३ असा होता तोही बदलला. २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस असेच कंपनीतून आलेले पासवर्ड टाकून जगभरातल्या कॅमेऱ्यात आणि डीव्हीआरमध्ये घुसला होता. नवीन पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून शेठच्या हातात दिला, मोबाईलवर पाठवला नाही, हे मला पटलं.

वेळेचं सांगायचं राहिलं. टाइम झोन चीनचा, जीएमटी अधिक आठ, आणि आपला अधिक साडेपाच, म्हणून अडीच तास पुढे. हे छोटं वाटतं पण पोलिसांत फुटेज द्यायची वेळ आली की भारी पडतं. आता कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली सर्टिफिकेट लावून द्यायचा असतो, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूपण (फाइलमधून निघणारा, तिच्या ठशासारखा कोड) लिहावी लागते, आणि फुटेजवर वेळच चुकीची असली की समोरचा वकील तिथूनच सुरू करणार. रेकॉर्डिंग महिनाभर राहतं असं आम्हाला सांगितलेलं. दादांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला, एका कॅमेऱ्याचा बिटरेट ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट डेटा) धरला तर दिवसाला ४३ जीबी, आठ कॅमेरे म्हणजे ३४५ च्या आसपास, आणि डिस्क ४ टीबी. अकरा दिवसांत जुनं पुसायला सुरुवात. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) करून बिटरेट निम्मा केला, आता तेवीसेक दिवस निघतात, चेहरे ओळखू येतात का ते गेटवर एकाला उभं करून बघितलं मगच कायम केलं. महिना हवा असेल तर मोठी डिस्क घ्या म्हणाले, पण घ्याच असं नाही म्हणाले.

आणि गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते आणि लाइटपण तेव्हाच जाते मेंटेनन्सला. यूपीएस होता एनव्हीआरला, पण कॅमेऱ्यांना करंट देणारा स्विच सरळ भिंतीच्या प्लगवर. म्हणजे लाइट गेली की रेकॉर्ड करणारा जागा आणि बघणारे सगळे झोपलेले. स्विच आणि राउटर त्याच यूपीएसवर घेतले, किती वेळ टिकतो ते मेन बंद करून आमच्यासमोर दाखवलं.

आता तक्रारी. सकाळी दहाला येतो म्हणून दुपारी दोनला आले, आणि फोन उचलला नाही. शिडीचा आणि उंचीवरच्या कामाचा चार्ज वेगळा लावला, तो व्हिजिट चार्ज सांगतानाच सांगायला हवा होता. वायरिंगला लेबल म्हणून मास्किंग टेपवर मार्करने लिहिलंय, शेडच्या उष्णतेत ते पावसाळ्याआधी गळून पडणार, नीट टॅग मिळतात बाजारात. निघताना एएमसीचा (वर्षभराच्या देखभालीचा) कागद पुढे केला पण आग्रह केला नाही. एक कॅमेरा वाढवायचा विचार आहे, त्यावर म्हणाले की एप्रिल २०२५ पासून सरकारचे सिक्युरिटी टेस्टिंगचे नवीन नियम लागू झालेत, त्यात पास झालेलंच मॉडेल देतो, जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय म्हणून कुठूनही उचलू नका.

पाचवा स्टार बिलामुळे गेला. जीएसटी बिल "उद्या पाठवतो" म्हणून अजून आलेलं नाही, आणि बिलाशिवाय माझं पेमेंट निघत नाही. दादा हे वाचत असतील तर आज पाठवा, आमच्या कंपनीच्या पूर्ण नावावर, आणि केबलचं मीटर वेगळ्या ओळीत लिहा.