अंडरडार्कमध्ये कॅम्पेन: काही महिन्यांच्या खेळानंतरचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळाच्या फरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगातलं अंडरडार्क, म्हणजे जमिनीखालचं गुहा-बोगद्यांचं जग, कॅम्पेनसाठी (अनेक सेशन्स चालणाऱ्या सलग कथेसाठी) वापरायचं असेल, तर पहिल्या सेशनआधीच एक गोष्ट ठरवून घ्या: उजेड, पाणी आणि अंतर यांचा हिशेब ठेवायचा की नाही. ठेवणार नसाल तर इथे उतरू नका. मग हाती उरतात त्या नेहमीच्याच गुहा आणि नेहमीचेच राक्षस. हिशेब ठेवलात, तर डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये याच्या तोडीची दुसरी जागा नाही असं माझं ठाम मत झालंय. पुढचं सगळं २०१४च्या नियमांवर आणि २०१५च्या ‘आउट ऑफ द अबिस’ या कॅम्पेनच्या पुस्तकावर बेतलेलं आहे.

आधी डार्कव्हिजन. ‘मला अंधारात दिसतं’ एवढ्यावर विषय सोडून दिला की सेटिंग तिथेच संपतं. डार्कव्हिजनवाल्याला काळोख मंद उजेडासारखा दिसतो, आणि मंद उजेडात नजरेच्या पर्सेप्शनला (काही टिपण्याच्या रोलला) डिसॲडव्हान्टेज लागतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा (ॲडव्हान्टेजमध्ये जास्त आलेला); पॅसिव्हमधून, म्हणजे रोल न करता धरायच्या आकड्यातून, ५ वजा. पॅसिव्ह १४ असलेला एल्फ काळोखात थेट ९ वर येतो. त्याची नजर ६० फूट, ड्राउची (अंडरडार्कमधल्या एल्फची) १२० फूट. त्यामुळे साधा ड्राउ ९० फुटांवर उभा राहून हँड क्रॉसबो मारू शकतो: लांब पल्ल्याचा डिसॲडव्हान्टेज आणि न दिसण्याचा ॲडव्हान्टेज एकमेकांना कापतात, रोल साधा होतो. विषारी बाण लागला की डीसी १३चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे विष झेलायला रोलमध्ये १३ गाठायचे. एकूण ८ किंवा कमी आले तर पात्र बेशुद्ध. इथे हमखास वाद होतो, की एल्फला झोपवता येत नाही. ती सूट जादूच्या झोपेपुरती आहे, हे विष आहे. शेजारच्याने एक ॲक्शन खर्चून हलवलं तर तो जागा होतो, हेही प्लेयर्सना लक्षात आणून द्या.

मशाल पेटवली तर डार्कव्हिजनवाल्याला ४० फुटांपर्यंतचे ते ५ परत मिळतात, पण मग सगळ्या बोगद्याला तुमचा पत्ता कळतो. ही निवड प्रत्येक वळणावर करायला लावा, खरी मजा तिथे आहे. मशाल १ तास टिकते. हूडेड लँटर्न एका फ्लास्क तेलात ६ तास चालतो, त्यामुळे ८ तासांच्या वाटचालीला दोन फ्लास्क धरा.

पाण्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. माणशी दिवसाला १ पौंड अन्न आणि १ गॅलन पाणी लागतं, आणि वॉटरस्किनमध्ये मावतं जेमतेम अर्धा गॅलन. अर्ध्याहून कमी पाणी मिळालं तर सेव्हसुद्धा नाही, थेट एक्झॉशन (थकव्याचा एक टप्पा). ‘आउट ऑफ द अबिस’च्या सुरुवातीला चार पात्रांसोबत दहा कैदी असतात, म्हणजे रोज १४ पौंड आणि १४ गॅलन. वेग सामान्य असेल तर दिवसाला ६ मैल, घाई केली तर ८. पण घाईत फोरेजिंग (वाटेत अन्नपाणी शोधणं) करता येत नाही. दहाही कैद्यांचे संवाद एकट्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) पेलायचं म्हणजे सेशनची गती जाते. दोन-दोन कैदी एकेका प्लेयरकडे सोपवा, फार फरक पडतो.

फोरेजिंगचा डीसी सहसा १५. बुरशीची नावं मात्र घ्या, ‘काहीतरी खायला मिळालं’ म्हणून मोकळे होऊ नका. बॅरलस्टॉक फोडला की पाणी आणि गर दोन्ही मिळतं. ब्लूकॅपची टोपी खाता येत नाही, तिच्या बीजाणूंचं पीठ करतात. टॉर्चस्टॉक पेटवला की २४ तास जळतो, पण सहांत एकदा फुटतो.

गुडबेरी हा पहिल्या लेव्हलचा स्पेल अन्नाचा प्रश्न जवळपास संपवतो. आमच्याकडे त्याने भूक भागते, तहान नाही, असा निर्णय केला आणि तो चांगला चालला. पाचव्या लेव्हलला क्लेरिककडे क्रिएट फूड अँड वॉटर येतो: ४५ पौंड, ३० गॅलन. तिथून पुढे भुकेचं नाटक ताणू नका. ग्रॅकलस्टग शहरातले ड्युअर्गार (भूगर्भातले ड्वार्फ), ब्लिंगडनस्टोनचे स्व्हर्फनेब्लिन (भूगर्भातले नोम) यांच्या राजकारणाकडे वळा, तिथे मजकूर भरपूर आहे.

फेर्झरेस, म्हणजे अंडरडार्कच्या काही भागांत भरलेली जादुई ऊर्जा, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तिथे कायम मंद उजेड असतो आणि डार्कव्हिजनला मंद उजेड लख्ख दिसतो, म्हणून डार्कव्हिजनवाल्यांचे ते ५ वजा होत नाहीत. पण स्पेल टाकला की डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा, १ आला तर वाइल्ड मॅजिक, म्हणजे जादूचा भलताच परिणाम. टेलिपोर्टला डीसी १५चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह. चुकला तर १डी१० फोर्स डॅमेज आणि स्पेल वाया. मिस्टी स्टेप हा जवळच्या जवळ टेलिपोर्ट करणारा स्पेलही यात धरा, नाहीतर पळवाट उरते. नकाशावर फेर्झरेसचे पट्टे आधीच आखून ठेवा, ऐनवेळी घुसडलेला पट्टा प्लेयर्सना अन्याय वाटतो.

रँडम एन्काउंटर (फाशाने ठरणारे वाटेतले प्रसंग) पुस्तकात रोज टाकायला सांगितलेत. ते जसेच्या तसे चालवले तर प्रवासातच सेशन्स संपतात. तीन-चार दिवसांचे रोल घरी टाकून ठेवा, त्यातला एकच प्रसंग नीट खेळा, बाकीचे दोन वाक्यांत सांगा. मॅडनेसचे नियम वापरणार असाल तर सगळ्यांची संमती आधी घ्या, कारण कैद आणि वेडेपण हे विषय सगळ्यांना झेपतातच असं नाही. ज्याला नको असेल त्याच्या पात्रापुरता त्या जागी एक्झॉशनचा एक टप्पा दिला तरी दडपण तेवढंच राहतं.